खैरातीचा फ्लॅश

५ जानेवारी २०२५, जळगाव

हेमराजशी भांडले. नवऱ्याशी भांडण ही काही लिहून ठेवायची गोष्ट नाही, नाहीतर घरात डायऱ्या ठेवायला जागा उरली नसती. पण आजचं भांडण माझ्या जुन्या कॅमेऱ्यावरून झालं, म्हणून लिहिते.

आमच्या फोटोच्या दुकानात धुळ्याची पार्टी आली होती, फेब्रुवारीतल्या लग्नाची. नवरीमुलगी स्वतःच बोलत होती, आईबाप नुसते माना हलवत होते. म्हणाली, "ताई, डिजिटल पाहिजेच, ड्रोनपण पाहिजे. पण थोडे फोटो रोलवर काढाल का? खरे, ब्लॅक अँड व्हाइट." हेमराज लगेच मध्ये पडला, "मॅडम, फिल्टर मारून देतो ना, देवालापण फरक कळायचा नाही." ती म्हणाली, "मला कळेल." मला ती पोरगी तिथेच आवडली आणि मी हो म्हणून बसले.

पार्टी खाली उतरते न उतरते तोच हा सुरू. "कॅमेरा आहे कुठे? रोल कुठून आणणार? आणि धुणार कोण, तुझा बाप?"

"बाप नाही, चाचा," मी म्हटलं.

खाजाचाचा धुळ्याचे. लग्नाआधी मी त्यांच्या स्टुडिओत पाच-सहा वर्षं होते. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाई लागायची, आणि धुळ्यात तेव्हा कॅमेरा धरणारी बाई औषधालासुद्धा नव्हती. म्हणून चाचांनी मला शिकवलं. रोल भरणं, उजेड मोजणं, अंधारात रोल धुणं, सगळं. मग लग्न झालं, जळगावला आले, डिजिटल आलं, आणि आता मी दिवसाला हजार फोटो मारते नि एकही आठवत नाही.

कॅमेरा माळ्यावर सापडला, सासूबाईंच्या पापडाच्या डब्यामागे. लिव्हर ओढला, खर्र. बटण दाबलं, खट्. ओ माय, काय बरं वाटलं त्या आवाजाने! चाचांना फोन लावला तर पलीकडून, "कोण? मोहिनी? जित्ती शे का तू?" जिवंत आहेस का म्हणे! दोन वर्षांत फोन केला नव्हता, त्याचा टोमणा. मी हसून घेतलं.

९ जानेवारी

धुळ्याला जाऊन आले. चाचणीचा एक रोल घेऊन गेले होते. त्यात काय काय होतं: सासूबाई केळीचे वेफर तळताना, नशिराबादच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, आरशात मी. चाचांनी पुढचं दुकान मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिलंय. मागची डार्करूम मात्र तशीच आहे, तोच लाल दिवा, तोच आंबट वास. चाचांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा धूसर आहे. पण हात अजून तेच.

ट्रेमध्ये कागद बुडवला आणि सासूबाईंचं तोंड हळूहळू वर आलं. मी चाळिशीची बाई, धंद्यात वीस वर्षं काढलेली, आणि टाळी वाजवली! अर्धे फोटो बिघडले होते. पंक्चरवाल्याचं डोकंच कापलं गेलं. चाचा म्हणाले, "डिजिटलनं तुझी नजर आळशी झाली बेटा." बोलले ते खरंच होतं.

जरीनाचाचीने चहा आणला आणि जुन्या गोष्टी निघाल्या. खैरातीची गोष्ट निघालीच. तेव्हा लग्नात माणसं अंगावर यायची, आमचा काढा, आमचा काढा. रोल छत्तीस फोटोंचा, माणसं पाचशे. मग चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "दे खैरात." म्हणजे फ्लॅशच्या पाठीमागे टेस्टचं बारीक बटण असतं, ते अंगठ्याने दाबायचं. लख्ख उजेड पडतो, समोरचा खूश, आणि रोल जिथल्या तिथे. पुढे अल्बममध्ये स्वतःला शोधत कोणी आलाच तर सांगायचं, तुमचे डोळे मिटले होते.

"यांनी अर्ध्या धुळ्याला खैरात वाटलीय," चाची म्हणाली. "दोजखमध्ये सगळे मिळून फोटो मागणार आहेत." नरकातल्या त्या गर्दीच्या कल्पनेने चाचा हसता हसता खोकले.

१९ जानेवारी

पुन्हा धुळे. हेमराज म्हणतो, तुझं माहेर बदललं की काय.

मी चाचीला म्हटलं, बसा, तुमचा काढते. पिशवीतून डिजिटल काढायला गेले तर ती अशी उठली, जणू मी सुरीच काढली. तिचा एकही फोटो नाही. लग्नातलासुद्धा नाही. शहरभर फोटो काढत फिरलेल्या माणसाच्या बायकोचा घरात एक फोटो नाही! फक्त आधारकार्डावरचा, आणि त्याबद्दल ती स्वतःच म्हणते, "त्यात मी पाकीटमार दिसते."

कारण सांगितलं. तिच्या शेजारणीच्या सुनेचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत मालेगावपर्यंत गेला. "मोबाईलच्या फोटोला पाय फुटतात बाई. कोण बघतं, कुठे बघतं, आपल्याला काय कळतं?"

ती भांडी घेऊन आत गेल्यावर चाचा हळू आवाजात म्हणाले, "रोलवर काढला तर बसेल ती. मी विचारलंय. काढणारी बाई पाहिजे, आणि धुणारा मी. निगेटिव्ह घरातच राहील." मग म्हणाले, "पहिले ती नको म्हणायची. आता नको म्हणत नाही, बघू म्हणते. तिचं बघू म्हणजे होच असतं, पण कधी ते तिच्यावर आहे."

इतक्या वर्षांत चाचांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

२७ जानेवारी

मुक्ताईनगरला जावळाचं काम. डिजिटलवर मारले किती ते मोजले नाहीत. पोरगं रडतंय, पुन्हा रडतंय, अजून रडतंय. संध्याकाळी निवडायला बसले तर सगळे एकच वाटायला लागले.

उलट रोलवर काढताना एकेक फोटोला हात थांबतो. एवढा खर्च करायचा का, थांबू का, अजून चांगलं मिळेल का. रोल महाग झालेत, आणि मुंबईहून मागवायचे तर येतील तेव्हा खरे. हेमराज मला चिंगूस म्हणायला लागलाय. म्हणो बापडा. मला तर वाटतं, रोलने मला हात आखडता घ्यायला शिकवलं हे बरंच झालं.

८ फेब्रुवारी, धुळे

उद्या लग्न. आज हळद झाली. रोलवरचे मनासारखे मिळाले, नवरीच्या आजीचा तर असा मिळालाय की बस. पण तिसरा रोल आलाच नाही, कुरियरवाला म्हणतो नाशिकला अडकलाय. दुसऱ्यात चारच फोटो उरलेत, ते मी पाठवणीसाठी राखून ठेवलेत. नवरीने तेवढं एकच मागितलंय, पाठवणी रोलवर पाहिजे.

संध्याकाळी चाचांकडे जेवायला गेले. बसते न बसते तोच चाची आतून आली. पेटीतली हिरवी ओढणी काढलेली, घड्या अजून तशाच, डोळ्यात सुरमा. म्हणाली, "काढ आज. माझं मन बदलायच्या आत काढ." चाचांचं तोंड बघण्यासारखं झालं. आत जाऊन दाढी विंचरून आले! दोघं दिवाणावर बसली.

माझी मात्र पंचाईत झाली. कॅमेऱ्यावर आकडा बत्तीस. एक इथे गेला तर पाठवणीला तीन. आणि चाचीला आता नको, पुढच्या वेळी, असं म्हटलं तर ती पुन्हा कधी बसायची नाही. म्हटलं, प्रिंट घ्यायला आठवड्याभरात यायचंच आहे, तेव्हा नवा रोल भरून आणीन, दिवसाच्या उजेडात बसवून निवांत दहा काढीन. म्हणून दिली खैरात. लख्ख!

"झालं? इतकंच?" चाची म्हणाली, आणि ओढणीत तोंड लपवून अशी हसली, नव्या नवरीसारखी. चाचा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अजून एक काढून घे बेटा. एकाला दोन असलेले बरे."

"गरज नाही चाचा, एकदम मस्त आलाय," मी म्हटलं.

आता हे लिहिताना थोडं कसंतरी होतंय, पण त्यात वाईट काय केलं? तिचा जीव खूश झाला, माझा रोल वाचला, आणि खरा फोटो आठवड्याने होणारच आहे.

९ फेब्रुवारी

पाठवणी. नवरीचा बाप रडताना एक मिळाला, आयुष्यभर पुरेल असा. दुसऱ्यात मंडपवाल्याची पाठ आडवी आली, मेल्याला तेव्हाच खुर्च्या उचलायच्या होत्या. तिसरा नवरीचा, गाडीच्या काचेतून. चौथा उरला होता तो गाडीवरच्या फुलांवर मारून टाकला, रोल संपवायचा म्हणून.

जाता जाता रोल चाचांकडे दिला आणि बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, रोल तर तेच धुणार! चाचीचा फोटो त्यात नाही हे त्यांना दिसणारच की! आता काय सांगायचं? लिव्हर अडकला होता म्हणेन. जुना कॅमेरा आहे, अडकू शकतो.

१३ फेब्रुवारी

चाचांचा फोन. वाटलं, आता विचारणार. पण म्हणाले, "रोल धुतला. बाप रडतो तो फोटो लाखात एक आलाय." दुसरं काहीच नाही. मीच भीत भीत विचारलं, बाकी? "बाकी बराबर शे," म्हणाले. मग, "तुझा नवा रोल आला का? आला की लगेच ये. चाची वाट बघते."

सुटले. त्यांच्या लक्षातच आलं नाही. डोळे अधू झालेत बिचाऱ्यांचे, निगेटिव्हवर एवढं बारीक कुठे दिसणार त्यांना.

२१ फेब्रुवारी

अडकलेला रोल आला आणि अजून मागवले होते तेही आले. पण जायला दिवस कुठे आहे? साक्रीचं लग्न, मग दोन बारशी, मग शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. चाचांचा परत फोन, "रोल आला का?" म्हटलं आला, येते. मागून चाचीचा आवाज आला, "तिला विचारा, फोटो अजून वाळतोच आहे का? कपडेसुद्धा इतके दिवस वाळत नाहीत!" मी हसले. चाचा नाही हसले. दमले असतील.

२७ फेब्रुवारी

लग्नाचे प्रिंट हेमराजने जाऊन आणले, तो तिकडे ड्रोन दुरुस्त करायला जाणारच होता. चाचांनी त्याच्याजवळ निरोप दिला, मोहिनीने स्वतः यावं. हेमराज म्हणतो, "म्हाताऱ्याला तुझ्याशिवाय करमत नाही."

काल नवरीने फोटो बघितले आणि दुकानातच रडली. रात्री तिने ते इन्स्टाग्रामवर टाकले. सकाळपासून फोन चालूच आहेत, आम्हालापण रोलवरचे पाहिजेत, किती घेता. हेमराज, जो मला वेड्यात काढत होता, तो आता लोकांना सांगतो की रोलची बातच वेगळी. नवे रोल सगळे बुकिंगला लागले. चाचीसाठी पुढच्या ऑर्डरमधला एक बाजूला काढीन.

४ मार्च

रोजे सुरू झाले. चाचांचा फोन दुपारी आला, मी एडिटिंगला बसले होते, फोन खांद्यात धरून बोलले. म्हणाले, चाचीला बरं नाही, दम लागतो, रोजे धरायचे नाहीत म्हणून डॉक्टरने सांगितलंय तरी ऐकत नाही. "तू रोल घेऊन ये बेटा."

मी म्हटलं, "चाचा, ईदला येते. चाचीला ईदचे नवे कपडे घालून बसवू, फोटो किती छान येईल!"

"ईद लांब शे," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसांना सगळंच लांब वाटतं. बोलायला कोणी नसतं, म्हणून फोटोचं निमित्त.

१२ मार्च

जरीनाचाची गेली. काल दुपारी. चाचांचा फोन येत होता आणि मी रावेरकडे केळीच्या बागेत होते. नवरा-नवरी केळीच्या पानाआडून एकमेकांना बघतायत, असले फोटो काढत. फोन सायलेंटवर होता. मी घरी येऊन बघितलं तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती.

१३ मार्च

आज जाऊन आले. लिहून ठेवते.

घरात बायका बसलेल्या. रुखसार, चाचांची मुलगी, सुरतेहून आलेली. माझ्या गळ्यात पडून रडली. मग एकदम बाजूला होऊन म्हणाली, "दीदी, अम्मीचा फोटो तुम्ही काढला होता ना? मला तिने फोनवर सांगितलं होतं. द्या ना मला. माझ्याकडे काहीच नाही."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी चाचा बोलले. कोपऱ्यात तसबीची माळ घेऊन बसले होते, मान वर केली नाही. "काढला होता तिने. चांगला काढला होता. माझ्या हातून बिघडला. धुताना दार उघडं राहिलं, उजेड लागला."

रुखसार बघतच राहिली. "अब्बा, लोकांचे सगळे रोल धुतले आणि अम्मीचाच घालवला?"

"हो," चाचा म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. आणि मी तिथे बसून राहिले, तोंडातून शब्द काढला नाही, बायका म्हणत राहिल्या म्हातारपण आहे, डोळे गेलेत, होतं असं.

निघताना डार्करूमच्या दाराशी त्यांना गाठलं. म्हटलं, चाचा, तुम्हाला निगेटिव्ह बघून कळलं का?

"निगेटिव्ह कशाला? तेव्हाच कळलं. खट् झालंच नाही. माझे डोळे गेलेत बेटा, कान नाही गेले."

"मग तेव्हाच का नाही रागावलात मला?"

"ती समोर बसली होती. इतकी सजून. तिला कसं सांगणार की ही तुला खैरात होती?" मग म्हणाले, "वाटलं तू येशील रोल घेऊन. म्हणून फोन करत होतो."

"पण स्पष्ट बोलायचं ना चाचा! मला वाटलं..."

"स्पष्ट काय बोलू? शिकवलं कोणी तुला? मीच ना."

एवढं बोलून ते आत गेले. बसमध्ये मी सबंध रस्ताभर तोंडाला पदर लावून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागते, तिने आवळा सुपारी दिली.

१८ मार्च

तेव्हा कळू नये? एक काढून घे, एकाला दोन असलेले बरे. रोल आला का. लगेच ये. मोहिनीने स्वतः यावं. ईद लांब शे. मागची पानं वाचते आणि स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते. वर लिहिलंय काय, तर म्हणे डोळे अधू झालेत बिचाऱ्यांचे!

आणि चौथा फोटो मी फुलांवर मारला. गाडीच्या बॉनेटवरच्या झेंडूच्या फुलांवर. नवरीने तो अल्बममध्येसुद्धा घेतला नाही.

२४ मार्च

हेमराजला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, त्याने त्याच्या परीने केलं. चाचांकडून आधारकार्डाची प्रत मोबाईलवर मागवून घेतली आणि कॉम्प्युटरला सांगून चाचीचा फोटो तयार केला. हिरवी ओढणी घातलेली, चाचांच्या शेजारी बसलेली, हसरी. बघितलं तर गोरी, गुळगुळीत, सुरकुती औषधाला नाही, मालिकेतली सासू जणू. ही बाई कोण आहे मला माहीत नाही. म्हटलं, पुसून टाक, चाचीच्या फोटोला पाय फोडू नकोस. तो निमूटपणे पुसत बसला.

३१ मार्च

ईद. गेले नाही. शिरखुर्मा कोणी केला असेल?

१४ एप्रिल

रोलची बुकिंग नाकारायला लागले आहे. हेमराज चिडतो, मी ऐकून घेते. कालच्या लग्नात एक म्हातारी मागे लागली, बाई माझा एक काढ. डिजिटलवर काढला, नीट काढला, तिला दाखवला. तरी ती गेल्यावर पुन्हा उघडून बघितला, खरंच आलाय का म्हणून.

चाचांना फोन केला होता. बोलले, पण दोनच वाक्यं. रुखसारबद्दल विचारलं तर म्हणाले, "तिचा फोन नाही येत. जावई करतो." सुरतेला नेणार होती ना तुम्हाला? "नाही बोलली परत." मग म्हणाले, ऊन फार आहे, आणि ठेवून दिला.

म्हणजे माझ्यापायी पोरगी बापाशी बोलायची बंद झाली. आणि बाप अजूनही तिला माझं नाव सांगत नाही.

२० एप्रिल, धुळे

आज चाचीचा चाळिसावा दिवस. ठरवून गेले होते की सांगायचंच.

घरात माणसं होती, फातिहा पढून झाली, जेवणं झाली. रुखसार सगळ्यांना वाढत होती, फक्त चाचांच्या पानापाशी आली की वाटी खाली ठेवून पुढे जायची. घ्या म्हणायची नाही, बघायची नाही. चाचा खाली मान घालून जेवत होते.

सगळे पांगल्यावर ती मोरीत भांडी घासायला बसली. मी शेजारी बसले, विसळायला घेतली. नको म्हणाली, मी ऐकलं नाही. मग एका दमात सांगून टाकलं. रोल, चार फोटो, टेस्टचं बटण, खैरात, सगळं. तुझ्या अब्बांनी काही बिघडवलं नाही. बिघडवायला काही नव्हतंच. त्यांनी मला झाकलं.

तिने नळ बंद केला. मला वाटलं आता हाकलून देईल, दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आणि मी अब्बांना वाढतानासुद्धा..." एवढंच म्हणाली, नि ओल्या हातानेच डोळे पुसले, साबण डोळ्यात गेला. मी पदर पुढे केला, तिने घेतला नाही.

मग म्हणाली, "दीदी, त्या दिवशी अम्मीने मला फोन केला होता. नुसती हसत होती. म्हणाली, तुझ्या बापाला म्हातारपणी काय सुचलं, मोहिनीच्या समोर माझा हात धरून बसला. मी म्हटलं, अम्मी, खरं सांग. म्हणाली, फोटोत बघ ना, फोटो येईल तेव्हा." तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "माझ्या अब्बांनी अम्मीचा हात धरलेला मी कधी बघितला नाही. मला तेच बघायचं होतं. बाकी काही नको होतं."

तिने स्वतःचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले, साबणाचे. "कसा धरला होता, दीदी? असा वरून? की बोटांत बोटं घालून? अब्बांना हे विचारता येतं का? तुम्हीच सांगा. तुम्ही तर समोर होता, कॅमेऱ्यातून बघितलं असेल."

मी आठवायला गेले. हिरवी ओढणी आठवली, सुरमा आठवला. हात आठवेनात. कारण मी कॅमेऱ्यातून बघितलंच नव्हतं. माझी नजर आकड्यावर होती आणि अंगठा त्या बटणावर. जो फोटो काढायचाच नाही, त्यात बघायचं काय?

तोंडापर्यंत आलं होतं, घट्ट धरला होता म्हणून. बोटांत बोटं घालून. तिला तेवढं पुरलं असतं, जन्मभर पुरलं असतं.

"मी बघितलं नाही गं," मी म्हणाले.

तिचे हात तसेच होते, एकावर एक. मग तिने ते खाली घेतले आणि उरलेली भांडी घासायला लागली. मी विसळत राहिले.